जुन्या हॅचबॅकचे ब्रेक घरी सुधारताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

पुढे महागडे पॅड टाकले, डिस्क नव्या घातल्या, तरी पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातंच. ही तक्रार इतक्या वेळा येते की कारणं शोधावी लागत नाहीत. मागचे ड्रम कुणी उघडलेले नसतात, ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही आणि रबरी होज गाडीबरोबर आलेले तेच असतात. मग पुढची पायरी म्हणून दुसऱ्या गाडीची मोठी डिस्क बसवायचा विचार सुरू होतो. दुखणं मात्र मागच्या चाकात असतं.

हा लेख एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, वॅगन आर, पहिली सँट्रो. एबीएस असेल तर ऑइल बदलण्याचा आणि एअर (पाइपांत अडकलेली हवा) काढण्याचा भाग घरी करू नका. त्या युनिटमध्ये हवा अडकली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो.

## सुधारणा म्हणजे नेमकं काय करायचं

आधी एक साधी परीक्षा. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने जाताना ब्रेक पूर्ण दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकमध्ये पुरेशी ताकद आहे. तिथून पुढे गाडी किती अंतरात थांबेल ते टायरची पकड ठरवते. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, म्हणजे घाटात उतरताना ब्रेक लवकर सैल पडत नाहीत. पण एकदाच ब्रेक मारून थांबायचं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. उलट पुढच्या आणि मागच्या चाकांमधला कारखान्यात ठरवलेला तोल बिघडतो. मागे जास्त ब्रेक लागला तर पावसात गाडीची शेपटी फिरते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा मागे डिस्क लावलेली जुनी अल्टो डोळ्यांत भरणारच.

म्हणून आपण मूळ मापाच्याच वस्तू घालायच्या, पण सगळ्या आणि योग्य क्रमाने. नव्या डिस्क, चांगले पॅड, मागचे शू (ड्रमला आतून घासणारे), व्हील सिलिंडर (शू ढकलणारे), होज आणि डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल. एवढं नीट झालं तर फरक पहिल्याच सिग्नलला कळतो.

## टप्पा १: खरेदीच्या आधीची तपासणी

सामान आणून गाडी उघडल्यावर 'अरे, हे पण गेलंय' असं होऊ नये म्हणून हे आधी करा.

पेडल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा. एक मिनिट ते जागेवर राहिलं पाहिजे. बाहेर कुठेही गळती नसताना पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) आतले सील गेलेत. आधी तो बदला, बाकी सगळं नंतर. पेडल दाबलेलं असतानाच इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली बसायला हवं. तसं झालं नाही तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासा. काही जुन्या मॉडेलांत बूस्टर नसतोच, तिथे ही परीक्षा लागू नाही.

पोलादी पाइप. गाडीखालून मागे जाणाऱ्या बारीक पाइपांवरून कापड फिरवा. गंजाची पापुद्री निघाली किंवा खड्डे पडलेले दिसले तर तो पाइप अख्खा बदलायचा. कोकणात किंवा गोव्यात, समुद्राजवळ राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. गळका पाइप मधून कापून त्यावर रबरी नळी आणि क्लिप लावणं हा जीवघेणा जुगाड आहे. ब्रेकच्या दाबापुढे ती नळी टिकत नाही.

निपल. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) एअर काढायचे निपल सुटतात का ते आजच पाहा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी सहा कोपऱ्यांच्या सॉकेटने पाव फेरी सोडून परत बंद करा. निपल तुटलं तर कॅलिपरच बदलावा लागेल, तेव्हा ते सामान घेण्याआधी कळलेलं बरं. मागच्या निपलची चिंता नको, ती नव्या व्हील सिलिंडरबरोबर येतात.

डिस्कची बैठक. बहुतेक गाड्यांत डिस्क हबवर (चाक ज्याला जोडतात तो भाग) नुसती बसलेली असते आणि चाकाच्या नटांनी आवळली जाते. काही जुन्या मॉडेलांत ती हबला मागून बोल्टने जोडलेली असते. मग हब काढणं, बेअरिंग, प्रेस असं काम वाढतं, आणि ते गॅरेजकडे द्यावं.

## टप्पा २: सामान आणि हत्यारं

पार्टच्या दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. एकाच सालात दोन प्रकारचे पॅड बसवलेले असू शकतात. चेसिस नंबर द्या आणि शक्य तिथे जुना पार्ट दाखवा. ब्रेकच्या सामानात नकली माल भरपूर आहे. उत्पादकाच्या अधिकृत काउंटरवरून किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीच्या विक्रेत्याकडून घ्या आणि बिल मागा.

सामान:
- पुढच्या डिस्क २ (नेहमी जोडीनेच), पॅडचा एक संच, पॅडच्या क्लिप आणि शिम
- मागचे शू ४, स्प्रिंगचा नवा संच, व्हील सिलिंडर २
- रबरी होज, गाडीत जितके असतील तितके. मागच्या ॲक्सलजवळचे विसरू नका
- होजच्या बँजो बोल्टसाठी (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर, प्रत्येक बोल्टला २
- डॉट ४ ब्रेक ऑइल, १ लिटर, सीलबंद
- ब्रेक क्लीनर स्प्रे २ डबे, सिलिकॉन ब्रेक ग्रीस, कॉटर पिना

हत्यारं: २ टनी जॅक, जॅक स्टँड किमान २, टॉर्क पाना, १० मिमीचा फ्लेअर पाना (पाइपचा नट जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणारा), ८ आणि १० मिमीचे रिंग पाने, १९ मिमीचा सॉकेट, सी क्लॅम्प, पक्कड, तारेचा ब्रश, ८ मिमी आट्यांचे दोन लांब बोल्ट, पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली.

फ्लेअर पान्यावर पैसे वाचवू नका. साध्या फिक्स पान्याने पाइपचा नट सोडायला गेलात की त्याचे कोपरे गोल होतात. मग व्हाइस ग्रिप, मग पिळवटलेला पाइप, आणि ३० रुपयांचं काम ३,००० वर जातं.

ऑइलबद्दल थोडं सविस्तर. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. घाट उतरताना कॅलिपर तापतो, ऑइलला उकळी फुटते, वाफ दबते आणि पाय थेट फरशीला टेकतो. म्हणून जुन्या गाडीत ऑइल बदलणं हीच सर्वांत स्वस्त आणि मोठी सुधारणा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच मिसळू नका. अर्धा उरलेला जुना डबाही वापरू नका.

सावधान: ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून गेलं तर आतले सगळे रबर सील फुगतात. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं.

## टप्पा ३: गाडी उभी करणं

सपाट, पक्की फरशी हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार नको, मातीवर तर नकोच. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट अर्धी फेरी सैल करा, मग उचला.

गाडी उचलली की वजन स्टँडवर घ्या आणि हाताने जोरात हलवून पाहा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात.

पहिल्यांदाच करत असाल तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस मोकळे ठेवा, आणि सोमवारी ऑफिसला गाडी मिळणार नाही असंच धरून चाला. घाईघाईत रात्री ११ वाजता एअर काढून सकाळी हायवेला जाणं नको.

## टप्पा ४: मागचे ड्रम

सुरुवात मागून करायची. सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि पेडल खोल जाण्याचं मूळही बहुधा इथेच असतं.

हँडब्रेकची केबल सैल करा. लिव्हरखालचा ॲडजस्टर नट सैल केला नाही तर ड्रम सुटत नाही आणि पुढे शूचं सेटिंगही चुकतं.

ड्रम काढा. काही गाड्यांत ड्रम नुसता हबवर बसलेला असतो. काहींत बेअरिंग ड्रममध्येच असतात, तिथे मधली टोपी, कॉटर पिन आणि नट काढावा लागतो. पिन नवीच घालायची. कॉलर ठोकून लॉक केलेला नट असेल तर तोही नवा, आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच. ड्रम हटत नसेल तर त्याच्या तोंडावरच्या आटे असलेल्या दोन भोकांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. हातोड्याने कडेवर मारलं तर बीडाचा तुकडा उडतो. तरीही अडला, तर आत झिजेची कड पडून शू तिच्यामागे अडकलेत. मागच्या पत्र्यावरच्या भोकातून शूचा ॲडजस्टर (शू ड्रमच्या किती जवळ राहतील ते ठरवणारा) मागे घ्या.

सावधान: आतल्या काळ्या भुकटीवर हवा मारू नका, फुंकरही नको. जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतो. मास्क घाला, ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने भिजवा आणि कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधून टाका.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू हा तुमचा नमुना आहे. तरीही स्प्रिंगा काढण्याआधी दोन-तीन फोटो घ्या, कारण डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटी असते.

शू काढल्यावर व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून पाहा. आत ओल दिसली म्हणजे सिलिंडर गळतोय. नवे शू घालून गळका सिलिंडर तसाच ठेवला तर महिनाभरात नवे लायनर ऑइलने भिजतात, आणि भिजलेला लायनर धुऊन परत चालत नाही. म्हणूनच जुन्या गाडीत सिलिंडर कोरडा दिसला तरी या वेळी बदलून टाका. पाइपचा नट फ्लेअर पान्याने सोडा आणि नट फिरताना पाइपही फिरतोय का ते बघत राहा. फिरत असेल तर थांबा, स्प्रे मारा, नट मागेपुढे हलवून सोडवा. नवा सिलिंडर लावताना पाइपचा नट आधी हाताने तीन-चार फेऱ्या बसवा आणि मगच सिलिंडरचे बोल्ट आवळा. उलट केलं की आटे तिरके चढतात.

मागच्या प्लेटवर शू घासतात तिथे थोडे उंच भाग असतात. ते तारेच्या ब्रशने घासा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. तिथे खाच पडली असेल तर शू अडकतो आणि चाक गरम राहतं. ॲडजस्टरचे आटे किंवा दाते साफ करून हाताने सहज फिरतात का ते पाहा. तो जाम असेल तर नवे शू काही आठवड्यांत पुन्हा सैल होतात आणि पेडल पुन्हा खाली.

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. आतला व्यास त्याहून कमी असेल आणि चरे उथळ असतील तर लेथवर साफ करून घेता येतो. दोन्ही बाजूंचं माप सारखं ठेवा. मर्यादा ओलांडली असेल तर ड्रम बदला.

आता सेटिंग. ड्रम बसवल्यावर हाताने फिरवताना शू हलकेच घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम अडू नये. आवाजच नसेल तर ड्रम काढून ॲडजस्टर एक-दोन दाते पुढे घ्या. याला पाच वेळा ड्रम काढ-घाल करावी लागली तरी करा. पेडल उंच राहणार की नाही ते इथेच ठरतं.

हँडब्रेक सर्वांत शेवटी. शूचं सेटिंग न करता केबल आवळून हँडब्रेक 'घट्ट' करणं ही फार पसरलेली चूक आहे. केबल ओढून ठेवली की शू अर्धवट उघडे राहतात, आपोआप चालणारा ॲडजस्टर काम करेनासा होतो, हँडब्रेक लागतो पण पायाचा ब्रेक खोलच जातो. काही मेकॅनिकही हेच करतात, कारण दोन मिनिटांत होतं आणि गिऱ्हाईक खूश. आधी शू, मग केबल. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, नसेल तर ४ ते ७ टिक-टिकमध्ये हँडब्रेक पूर्ण लागेल इतपत ठेवा.

तपासा: ड्रम उघडा असताना घरातल्या कुणीही पेडल दाबायचं नाही. पिस्टन बाहेर उडतात. पेडलवर चिठ्ठी चिकटवा.

## टप्पा ५: पुढच्या डिस्क आणि पॅड

आता मागची चाकं लावून पुढची बाजू उचला. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा.

कॅलिपर सुटला की तो तारेने स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन आत ढकलण्याआधी निपलला नळी लावून ते उघडा, मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबा. कॅलिपरमध्ये साचलेलं काळं ऑइल बाटलीत येतं. निपल बंद ठेवून ढकललं तर तोच गाळ उलटा मास्टर सिलिंडरकडे जातो. पिस्टन आत गेला की निपल बंद करा. पिस्टन जात नसेल किंवा त्याच्या कडेला गंज असेल तर कॅलिपरचा सील संच किंवा नवा कॅलिपर.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा. एक पॅड झिजून पत्र्याला टेकलेला आणि दुसरा जवळजवळ नवा दिसत असेल तर कारण या जाम पिनाच. पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं बेअरिंग ग्रीस रबर फुगवतं, ते नको. दोन्ही पिना वेगळ्या असतील तर वरची वर, खालची खाली.

जुन्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्क हबला चिकटली असेल तर पुन्हा ८ मिमीच्या बोल्टांचाच उपाय.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं: हबचा चेहरा घासणं. तिथे गंजाचा कागदाएवढा पापुद्रा जरी राहिला तरी डिस्क तिरकी बसते. बाहेरच्या कडेला ०.१ मिमीहून जास्त डगमग असेल तर काही हजार किलोमीटरमध्ये डिस्कची जाडी असमान होते आणि पेडल पायाखाली थरथरायला लागतं. लोक डिस्क 'वाकडी निघाली' म्हणून दुकानदाराशी भांडतात, दोष असतो हबवरच्या गंजाचा. चाकाच्या बोल्टांभोवतीची जागा तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासा. डायल गेज मिळालं तर डिस्क दोन-तीन नटांनी आवळून डगमग मोजा. जास्त असेल तर डिस्क एक बोल्ट फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने धुवा आणि नंतर बोटं लावू नका.

पॅडच्या कानांवर आणि पाठीवर ग्रीसचा पातळ हात द्या, घासणाऱ्या बाजूला थेंबही नको. झिजेची शिटी वाजवणारी पट्टी असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो. जुना पॅड काढताना त्याची जागा पाहून ठेवा. क्लिप नव्या घाला. पॅड आपल्या खाचेत बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाचेतला गंज काढायचा राहिलाय.

## टप्पा ६: होज

ब्रेक सोडल्यावरही चाक अडून राहत असेल आणि निपल उघडताच मोकळं होत असेल, तर तो होज आतून सुजलाय. बाहेरून तो अगदी ठीक दिसतो.

एकेक करून बदला. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर, एक वर आणि एक खाली. जुने वायसर परत वापरले की तिथून ऑइल पाझरतंच. होजवर लांबीची रेघ असते, ती सरळ राहिली म्हणजे होज पिळलेला नाही. बसवल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि होज टायरला किंवा स्प्रिंगला कुठे घासत नाही ना ते पाहा.

सावधान: ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेवर जाड कापड ठेवा आणि सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. या सगळ्यात टाकीवर लक्ष ठेवा, ती पूर्ण रिकामी होऊ देऊ नका.

## टप्पा ७: ऑइल बदलणं आणि एअर काढणं

चारही चाकांच्या निपलपर्यंत हात पोहोचेल अशी गाडी स्टँडवर घ्या, किंवा आधी मागची आणि मग पुढची बाजू उचला.

टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढा आणि नवं भरा. हे न करता एअर काढायला घेतलं तर जुनंच घाण ऑइल सगळ्या पाइपांतून फिरतं.

क्रम मॅन्युअलमध्ये दिला असेल तर तोच पाळा, कारण काही गाड्यांत पाइपांची जोडणी तिरपी असते. दिला नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण फरशीला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा फिरतो त्याच्या पलीकडचा भाग खडबडीत झालेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील तिथे घासून कापले जातात. 'काल एअर काढली आणि आज मास्टर सिलिंडर गेला' याचं कारण हेच.

दोन माणसं हवीत. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवा. इंजिन बंद.

१. सीटवरचा माणूस पेडल हळू दाबतो आणि दाबून धरतो. 'धरलं' असं मोठ्याने सांगतो.
२. खालचा माणूस निपल अर्धी फेरी उघडतो. पेडल ठोकळ्यापर्यंत खाली जातं.
३. पेडल खाली धरलेलं असतानाच निपल बंद. खालचा 'सोड' म्हणतो.
४. मगच पेडल सोडायचं. दोन सेकंद थांबून पुन्हा.

सगळी गंमत तिसऱ्या पायरीत आहे. निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला गेला तर आट्यांमधून हवा परत आत शिरते. बोलून काम करा, अंदाजाने नको. पेडल धडाधड पंप केलं तर ऑइलला फेस येतो आणि बुडबुडे बारीक होऊन पाइपमध्येच राहतात.

पाच-सहा वेळा दाबलं की टाकी भरा. मागच्या प्रत्येक चाकातून साधारण १५० ते २०० मिली आणि पुढच्या प्रत्येकातून १०० मिली निघेपर्यंत रंग स्वच्छ पिवळसर येतो आणि बुडबुडे थांबतात. बाटलीतलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

निपल पिळून आवळू नका. ८ ते १० न्यूटन मीटर पुरे, नाहीतर पुढच्या वेळी तुटेल. रबरी टोपी आठवणीने लावा.

तपासा: पेडल आता कसं आहे, ते नीट ओळखा. दाबताना लवचीक लागतंय, पंप केल्यावर वर येतं पण मऊच राहतं: हवा आहे, एअर पुन्हा काढा. पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्याला वर येऊन कडक होतं: मागचे शू ड्रमपासून लांब आहेत, टप्पा ४ मधलं सेटिंग पुन्हा. कडक आहे पण धरून ठेवल्यावर सरकतं: जोडणीतून गळती किंवा मास्टर सिलिंडर. शू लांब असताना लिटरभर ऑइल वाहून एअर काढत बसणारे पुष्कळ आहेत.

## टप्पा ८: रस्त्यावर जाण्याआधी आणि नंतर

चाकांचे नट तिरप्या क्रमाने, गाडी खाली घेतल्यावर टॉर्क पान्याने आवळा. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ८५ न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पान्यावर उभं राहून आवळल्यानेही डिस्क ताणली जाते.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पॅड मागे ढकललेले असल्याने पहिले दाब रिकामे जातात, आणि पार्किंगमधून रिव्हर्स घेताना ते कळणं फार महागात पडतं. इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा, मग प्रत्येक जोडणीभोवती कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर आवळा किंवा वायसर बदला.

आधी सोसायटीच्या आत १० च्या वेगाने, मग रिकाम्या गल्लीत २० ने. सरळ थांबते असं दिसल्यावर नवे पॅड डिस्कवर घासून बसवायला जा. त्याला मोकळा सपाट रस्ता हवा, घाट नको. ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट तसंच चालवा, पुन्हा. असं दहा वेळा. नंतर १० ते १५ मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेली असताना गाडी ब्रेक दाबून उभी करू नका आणि हँडब्रेकही ओढू नका, पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी छापला जातो. पहिले ३०० किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक नकोत.

गाडी डावीकडे ओढत असेल तर उजवा ब्रेक कमी लागतोय: तिथल्या पिना, होज आणि पॅडवर ग्रीसचा डाग पाहा. पाच-दहा किलोमीटरनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता बघा, डिस्कला स्पर्श न करता. मागचं एखादं चाक जास्त तापलं असेल तर शू किंवा केबल जास्त आवळली गेलीय.

१०० किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क, टाकीतली पातळी आणि हँडब्रेकच्या टिक-टिक पुन्हा पाहा. नवे शू बसताना ॲडजस्टरला एखादा दाता आणखी लागू शकतो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा, नाहीतर नवे लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतात. ऑइल बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणाजवळ मार्करने लिहा, पुढचा बदल २ वर्षांनी. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत बंद करून टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.